पेरूचं वजन

घणसोली गावठाणात, मधल्या आळीत,
जगनच्या आणि माझ्या ओसरीमध्ये
एक पेरू उभा होता.
मोजणीवाल्याने फीत धरली
ती नेमकी बुंध्याच्या मधोमध गेली
आणि दोघेही म्हणालो : तोडा.
त्या वर्षी आम्हा भावांचं
एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

करवतवाल्याने निम्मा-निम्मा केला.
जगनचा निम्मा त्याच संध्याकाळी टेम्पोत गेला,
कुठे, ते मी विचारलं नाही.
माझा गच्चीवर चढवला.
वर रबाळ्याहून आणलेलं पिंप होतं,
दोनशे लिटरचं, आतून जाळून जाळून साफ केलेलं,
आणि धुरावर मटण करायचं खूळ
माझ्या डोक्यात.

धीर कुठला!
चौथ्याच दिवशी ढलप्या आत टाकल्या.
लाकूड सुसू करायला लागलं,
टोकांतून फेस,
धूर पांढरा, जड,
ओल्या गोधडीसारखा कोंबडीवर बसून राहिला.
पहिला घास, आणि जिभेला मुंग्या.
बायको म्हणाली, ही कोंबडी नाही, काढा आहे.

मग पदाजी मढवी आले.
जन्म वखारीत गेलेला, उजव्या हाताला चार बोटं.
एक ओंडका उचलला, दुसऱ्यावर आपटला,
थप्प.
‘अजून झाडच आहे रे हे.
तोडलंय ते त्याला कळलेलं नाही.’

फोड, म्हणाले, मनगटाएवढं कर.
साल काढायची की ठेवायची
यावर स्वतःशीच भांडले.
खाली विटा, मध्ये पट्ट्या,
एकमेकांना चिकटू देऊ नकोस,
खाडीचा वारा आरपार जायला हवा.
झाकायचं ते फक्त डोकं.
मी कुणाच्या तरी वाढदिवसाचं जुनं फ्लेक्स घातलं.
शुभेच्छुकांचे चौतीस चेहरे
आभाळाकडे बघत फिके होत गेले.

बायकोच्या मासळीच्या काट्यावर
दर रविवारी एकच फोड तोलायचो,
खडूची फुली मारलेली.
कॅलेंडरच्या पाठीवर आकडे :
कार्तिकात एकोणीसशे ग्रॅम.
पौषात सोळाशे.
माघात एक आठवडा काहीच नाही,
मग एकदम ऐंशी कमी,
कुणी अडवून धरलेलं बोलून टाकावं तसं.

पाणी जाताना दिसत नाही.
विटेवर डाग नाही, थेंब नाही,
नुसत्या टोकाला चिरा,
गाभ्यापासून कडेकडे निघालेल्या.
साल आपणहून सुटली,
पदाजींचं भांडण मिटलं.
एका फोडीत भुंगे निघाले,
ती पाणी तापवायच्या चुलीत गेली.

चैत्रात तेराशे वीस.
पुढच्या रविवारी तेराशे वीस.
त्याच्या पुढच्याही.
दोन फोडी आपटल्या तर ठण्ण,
गल्लीतल्या पोरांना वाटलं
वर कुणीतरी बॅट आपटतंय.

कोळशावर दोनच फोडी ठेवल्या.
बोकडाची मांडी, मीठ, हळद, आलं-लसूण.
धूर आलाय की नाही
हे बघायला वाकावं लागत होतं,
इतका पातळ, निळसर.
वास पिकल्या पेरूचा नाही,
पेरूच्या पानाचा.
दात दुखला की आम्ही दोघं चघळायचो
त्या पानाचा.

गावठाणात सातबारा नसतो,
घरपट्टीची पावती असते
आणि कोण कुठे उभं राहतं, एवढंच.
धूर थोडा माझ्या बाजूने रेंगाळला,
मग फीत गेली होती तिथून
पलीकडे गेला.

जगन गच्चीवर कपडे काढायला आला.
काढले नाहीत.
दोरीपाशी उभा राहिला,
हातात दोन चिमटे, नाक वर.

मटण व्हायला अजून तास होता.
मी झाकण उघडलं.
उगाच उघडलं.