मागचं दिसणारी मूठ

आउने लेहतोवारा दुकानात आली तेव्हा
तिच्या भुवयांवर बर्फ होता,
एका हातात सायकल, दुसऱ्यात तक्रार.
"तुझं हे यंत्र खोटं बोलतं," म्हणाली,
नको तेवढ्या मोठ्यानं.
औलूच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं काढली तिनं,
निवृत्त होताना भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली
आणि कान तिथंच ठेवून.

यंत्र मीच बसवलं होतं, ऑक्टोबरात.
सीटखाली काडेपेटीएवढा रडार,
दोन्ही मुठींत एकेक मोटर, वाटाण्याएवढी.
मागून कुणी डावीकडून आलं तर डावी मूठ थरथरते,
उजवीकडून आलं तर उजवी,
अगदी पाठीशी असलं तर दोन्ही.
पहिल्याच दिवशी पुलावरून फेरी मारून आली नि म्हणाली,
तळहातांना कान आले रे.
मी बिलातले वीस युरो कमी केले.

आता म्हणत होती:
सव्वासहाला, नदीकाठच्या वळणावर,
भूर्जांची रांग संपते तिथं
दोन्ही मुठी थरथरतात.
वळून पाहावं तर कुणी नाही.
पुढं निघावं तर पुन्हा.
"मेलेलं माणूस आहे का मागं?"
हे मात्र हळू विचारलं.

मी नट पाहिले, वायरी पाहिल्या.
उणे सतरात बॅटरी रुसते, तसंच काही असेल म्हटलं.
मग डबीतली नोंद संगणकावर उतरवली:
मंगळवार, गुरुवार. मंगळवार, गुरुवार.
अंतर अकरा मीटर, कधी बारा.
ती हळू झाली की तेही हळू.
बॅटरी इतकी वक्तशीर नसते.

गुरुवारी मी आधीच जाऊन
वळणावर, स्प्रूसच्या आड उभा राहिलो.
दिवस दुपारी दोनलाच मावळलेला,
बर्फाचा काय तो निळसर उजेड.
आधी तिचा दिवा आला,
मग ती, कणा काठीसारखा ताठ,
मग दिव्याचं उरलंसुरलं,
आणि त्या उरल्यासुरल्यात
एक पोरगं.

नऊ-दहा वर्षांचं. पाठीला हॉकीची काठी,
सायकलला दिवा नाही,
दिव्याच्या जागी चिकटपट्टीचा बोळा.
ती थांबली. ते थांबलं,
उतरून भूर्जामागे गेलं, श्वास धरून.
श्वासाची वाफ मात्र झाडाबाहेर येत होती.

नाव उऱ्हो.
दटावून विचारलं तर म्हणालं,
पुढं अंधार असतो. त्या बाई त्यातून आधी जातात.
मी नंतर जातो.
मग लपतोस कशाला?
"त्यांना कळेल ना, मी घाबरतो ते."

हे मी आउनेला ओरडून सांगितलं.
सगळ्या नदीनं ऐकलं. पोरगं कानापर्यंत लाल.
ती हसली नाही. हातमोजा काढून
नुसता तळहात पाहत राहिली.
"तीन आठवडे मी तुला भीत होते," म्हणाली,
"आणि तू मला धरून चालला होतास."

दिवा मी फुकट लावला.
हे गावात कुणाला सांगू नका,
रांग लागेल.

जानेवारीत ती परत आली. तीच तक्रार, उलटी:
"मंगळवारी मुठी हलतच नाहीत. गेलं तुझं यंत्र."
मी डबी उघडली, पुसली, बंद केली.
खिडकीतून दिसत होत्या
ताज्या बर्फावर दोन चाकोऱ्या,
खिळ्यांच्या टायरांनी टाके घातल्यासारख्या,
वळणापासून थेट माझ्या दारापर्यंत
शेजारी शेजारी.
दाराशी उऱ्हो उभा, उगाच घंटी वाजवत,
जी तिला ऐकू येत नाही.

काय बिघडलंय, तिनं विचारलं.
मी पावतीच्या मागं लिहून दिलं:
काही नाही.
याला फक्त मागचं दिसतं.