खालून कोण येतंय

मध्यंतराला दिवे लागले तेव्हा
समोसा हातात तसाच धरून काका म्हणाले,
"यांच्या आरमारात खाली बघणारा
एकही माणूस नाही?"

पडद्यावर चौदा जहाजं होती,
शाळेच्या कवायतीसारखी ओळीत,
सगळ्यांची टाळकी वर.
वर म्हणजे कुठे?
अंतराळाला छप्पर कोणी घातलं?

हरेश्वर तांडेल. सोळा वर्षं नौदलात,
रडारच्या हिरव्या काचेसमोर.
त्याआधी आजोबांच्या होडीवर, माहुलच्या खाडीत,
जिथे जे काही येतं ते खालून येतं.

खेळ सुटला. चेंबूर नाक्यावर सँडविचवाल्याच्या पाटावर
काकांनी न विचारता काकड्या मांडल्या.
"हा तुमचा ताफा." बिटाची चकती. "हा शत्रू.
सेनापती सगळ्यांत पुढे, काचेच्या खिडकीत,
मागे झगा फडफडतोय. वारा कुठला गो तिथे?
टेहळणीला एक जहाज नाही पाठवलं.
आणि दोन्ही ताफे इतके जवळ
की एकमेकांकडे तंबाखू मागावी."

मी म्हटलं, गनिमी कावा असेल.
"त्याला डोंगर लागतो. तिथे झुडूपही नाही.
ती बघ." रिफायनरीची ज्योत, इमारतींच्या वर.
"ती माहुलच्या होडीतून दिसते. मग काळोखात पेटलेलं इंजिन
किती लांबून दिसेल?
मी असतो तर सगळं विझवलं असतं.
शेजारी एवढा मोठा ग्रह आहे, त्याची ओढ आहे,
म्हणजे प्रवाह आहे.
डोळ लावायची, तोंड प्रवाहाकडे.
मूठभर खडी सोडायची त्यांच्या वाटेत
आणि गप्प बसायचं.
माशाच्या मागे कोण धावतं?"

"काका," सँडविचवाला म्हणाला,
"टोमॅटो कोणाच्या बाजूने?"
"टोमॅटो तटस्थ."

तेव्हा मी सांगितलं, जे थेटरात सांगितलं नव्हतं:
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी,
जे एक जहाज फुटतं, ते माझं.
गोरेगावात, सात महिने, रात्रपाळी.
दोनशे बारा तुकडे, प्रत्येकाची गिरकी वेगळी.
परदेशातून निरोप यायचा: स्फोट अजून सुंदर करा.
मी केला. तेव्हा कॅमेरा नायकाच्या डोळ्यांकडे होता.
शेवटच्या नावांत आमचा स्टुडिओ आला,
तोवर झाडूवाला दुसऱ्या रांगेत पोचला होता.

"किती माणसं होती त्यात?"

मला माहीत नव्हतं.
फाइलवर फक्त त्रेचाळीस लिहिलं होतं.

"आमच्या काचेवर तर आकडाही नसायचा," काका म्हणाले.
"ठिपका असायचा. मग नसायचा.
वहीत वेळ लिहायची आणि चहा घ्यायचा."
शत्रूची चकती त्यांनी मीठ लावून खाल्ली.

बराच वेळ चावत राहिले.
"तुझ्या जहाजाला लागलं कुठून?"
खालून, मी म्हटलं.
चित्रात तो कोपरा रिकामा दिसत होता,
म्हणून गोळा तिकडून आणला.

"हं," एवढंच.

सँडविचवाल्याने ओल्या फडक्याने
अख्खी लढाई एका हाताने पुसली,
चटणी तिखट की मध्यम, विचारलं.
वाचलेली एक काकडी
काकांनी हळूच उचलली
आणि पाटाखाली धरली,
जिथे दिवा पोचत नव्हता.