हातचा

बावीस वर्षं हिशेब एलियानाकडे होता,
माझ्याकडे समुद्र.
तालकाउआनोच्या धक्क्यावरून आठवड्याचे पैसे आणायचो,
ओलसर, मासळीच्या वासाचे,
टेबलावर टाकून हात धुवायला जायचो.
परत येईपर्यंत नोटा नाहीशा.
कुठे जातात, कधी विचारलं नाही.

आता तिची वही माझ्यापुढे उघडी आहे,
निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी, चौकटींची.
तिच्या प्रत्येक सातच्या कमरेला आडवी रेघ,
आणि रकान्यांत नुसती आद्याक्षरं.
‘ला.’ म्हणजे लाकूडफाटा.
‘इ.’ म्हणजे कोपऱ्यावरची इनेस, तिची उधारी.
‘मं. गॅ. सू.’ हा मला वाटलं कुणी संत असावा.
‘मंगळवारी गॅसवर सूट,’ उशीवरून ती म्हणाली,
‘आणि सिलिंडर हलवून बघायचा, निबाल्दो,
ऐकून नाही.’

‘नि. मो.’ मात्र तिला विचारलं नाही.
दर महिन्याला वीस हजार, तीन वर्षं.
निबाल्दोची मोटर.
होडीची ती मोटर, जी मी
स्वतःच्या घामावर घेतली म्हणून
धक्काभर सांगत फिरलो.

ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर घुरघुरतं.
‘हे किती युनिट खातं?’ ती विचारते.
मी निम्मा आकडा सांगतो.
‘मग अर्धा तास बंद ठेव.’
मी बरं म्हणतो, आणि चालूच ठेवतो.
संसारात मी एवढं खोटं कधी बोललो नव्हतो,
तेही विजेच्या बिलावरून.

शनिवारी वस्तीच्या हॉलमध्ये पाव-सॉसेज विकले,
वर टोमॅटो, एवोकाडो, मेयोनीज.
यास्नाने कुपनं छापली, तिच्या शाळेतल्या पोरी
कोपरापर्यंत हिरव्या झाल्या एवोकाडो कुस्करून.
त्याच आठवड्यात एवोकाडो महागले, अर्थात.
दोनशे चौदा कुपनं. खर्च वजा जाता
एक स्कॅन, आणि कॉन्सेप्सिओनला जायचं बसभाडं,
जायचं फक्त.
अकरा पाव उरले, ते आम्ही बुधवारपर्यंत खाल्ले.
काहींनी पैसे दिले आणि खायला आलेच नाहीत.
बेलार्मिनोने तर दहा कुपनं घेतली,
ज्याच्याशी मी जाळ्यावरून नऊ वर्षं बोलत नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
मी ‘इतर’ असं लिहिलं.
मग खोडलं.

सोमवारी रात्री ती बेरीज तपासते.
चष्मा आता तिला मोठा होतो,
नाकावरून घसरतो, ती एका बोटाने वर सारते.
परवाच्या सोमवारी म्हणाली,
‘हातचा एक विसरलास.
शंभर पेसो काय झाडाला लागतात?’
आवाजात तीच जुनी धार,
इनेसच्या तराजूलाही घाम फोडणारी.
मला इतका आनंद झाला की मी ओट्याशी जाऊन
उगाच नळ सोडून उभा राहिलो.
त्या रात्री तिने वाटीभर सूप संपवलं.

म्हणून आज मी हातचा मुद्दाम गाळला.
वही तिच्या गुडघ्यांवर ठेवली.
बोट सरकत गेलं. एकम. दशक.
शतकाशी थांबलं.
यंत्राने दोन श्वास घेतले, तिने एक.
‘बरोबर आहे,’ ती म्हणाली,
आणि तेच बोट माझ्या मनगटावर टेकवून
डोळे मिटले.

तिला दिसलं नाही,
की दिसलं आणि तिने मला सोडून दिलं,
बावीस वर्षं सोडत आली तसं?
पाण्याचा रंग बघून मी वारा सांगतो,
हे मला सांगता येत नाही.

ती झोपल्यावर मी पेन्सिलीने
शतकाच्या डोक्यावर तो एक लिहिला, बारीक.
खालची बेरीज तशीच ठेवली आहे.

उद्या मंगळवार.
सिलिंडर हलवून पाहिला,
तळाशी काहीतरी आहे अजून.
तरी दाराशी आणून ठेवला.