सात मीटर वर

एकोणीस वर्षं मी फोल्कमार लेनिगला
आरशातून पाहिलं.
समोरून दोनदा, फार तर तीनदा.
तेव्हा मी सांगतोय त्यात
डाव्याचं उजवं झालेलं असणार, एवढं धरून चाला.

आधी तो जमिनी मोजायचा.
तिपाईवरची दुर्बीण, रबरी बूट, कानामागे पेन्सिल.
भिंत पडली त्या हिवाळ्यात
पाद्र्याच्या बैठकीत अठरा माणसं आणि एकच किटली,
कुणीतरी बोलायला हवं होतं,
आणि नकाशे याच्याकडे होते.
मे महिन्यात तो लांडराट झाला, अख्ख्या जिल्ह्याचा धनी,
आणि मला, सूतगिरणीतून घरी बसवलेल्याला,
गाडीची किल्ली मिळाली.

यासेनोच्या खानावळीत, पहिल्याच प्रचारात,
बाकावर उभा राहून म्हणाला होता:
मी आहे तोवर या गावाच्या एका विटेला हात लागणार नाही.
त्याचं स्वतःचं गाव. आई तिथल्याच दफनभूमीत.
म्हाताऱ्या सोर्ब भाषेत काहीतरी बोलल्या.
तो जर्मनमध्ये हसला.

सहा वर्षांनी त्याने सही केली.
गावाखाली कोळसा होता,
आणि कोळशावर चौदाशे घरांचा पगार.
रात्रीचे अकरा. परतताना एवढंच म्हणाला,
"हाइनर, काच खाली कर."
बाहेर उणे नऊ.
बावीस किलोमीटर काच तशीच उघडी.
माझे कान ठणकत होते. त्याचं काय झालं, माहीत नाही,
आरसा मी वर वळवला होता.

मग फितींची वर्षं आली.
पोहण्याचा तलाव, अग्निशमन केंद्र, वळणरस्ता,
निवडणुकीआधी पुन्हा तोच वळणरस्ता.
कापलेला तुकडा तो कोटाच्या खिशात कोंबायचा
आणि उन्हाळ्यात त्याने टोमॅटोची रोपं काठीला बांधायचा.
गुड्रुनबाई म्हणायच्या, जिल्ह्याचा सगळा विकास या वाफ्यात आहे,
फळ बघा, बोराएवढं.

पडला तो दोनशे बारा मतांनी.
नव्या यासेनोत, जिथे रस्ते सरळ
आणि सगळी झाडं एकाच वयाची,
त्याला सात मतं पडली.
कोणाची, ते तो गाडीत बोटांवर मोजत बसला.
चार सापडली.

आता तिथे तळं आहे. होड्या, आइस्क्रीम, भाड्याच्या सायकली.
शांत दिवशी पाण्याखालून चर्चची घंटा ऐकू येते म्हणे.
पाहुण्यांना सांगायला ठीक आहे.
खाली काही नाही.
माती गेली, मातीखालचंही गेलं.
गाव बुडालं नाही, जळालं,
ड्रेस्डेनमध्ये कुणाच्या तरी इस्त्रीत,
बर्लिनच्या कुठल्या तरी जिन्यातल्या दिव्यात.

निवृत्तीनंतर एकदाच त्याचा फोन आला.
माझी जुनी स्कोडा. या खेपेला तो पुढे बसला.
काठावर इंजिन बंद करायला लावलं,
एक डोळा मिटला, हातभर पुढे अंगठा धरला,
बराच वेळ काहीतरी जुळवत राहिला.
मग बोट पाण्याकडे नाही, पाण्याच्या वर:
"जमीन तिथे होती. तळं खाली राहिलं.
आईची चूल सात मीटर वर.
तो पक्षी येतोय ना, अगदी तिथे."
पक्षी चुलीतून गेला.
तो एक शब्द बोलला. जर्मन नव्हता.
मी अर्थ विचारला नाही.
एकोणीस वर्षांची सवय.

अंत्यविधीला राजधानीतून मंत्री आले.
भाषणात 'दूरदृष्टी' तीन वेळा.
गुड्रुनबाई दुसरीकडे बघत होत्या.

त्याचं एक पोस्टर, जाड हार्डबोर्डचं,
माझ्या खुराड्याचं छत आहे.
चेहरा आतून ठेवलाय, पाऊस लागू नये म्हणून.
कोंबड्यांना त्याचं काही नाही.
अंडी काढायला वाकतो तेव्हा मान वळवून
मी त्याला समोरून पाहतो.
खालच्या घोषणेतलं 'राहील' तेवढं शाबूत आहे.
काय राहील, ते उंदरांनी खाल्लं.