मिरचीचं बारदान

सोमवारपर्यंत पंखा एकवर फिरत होता.
मंगळवारी तोरणमाळकडून वारं उतरलं
आणि बुधवारी सकाळी
तुळशीची टोकं काळी,
जशी कुणी काडी पेटवून लावली
आणि लगेच विझवली.

शेजारचे सुपडूबापू भामरे,
धडगावच्या घाटात तीस वर्षं एसटी चालवलेले,
कुंपणावर हात टेकून म्हणाले,
‘रातले पानी दे वं झाडेस्ले.
बोरनं पानी ऊन ऱ्हास.’
थंडीत त्यांच्या बोटांना अजून
स्टिअरिंगचा गोल येतो.
दहा वाजेपर्यंत सरळ होत नाहीत.

ऑफिस सुटल्यावर बारदान आणायला गेले.
गव्हाची पोती संपलेली, शेंगदाण्याचीही.
‘मिरचीची आहेत, पंधराला एक,’ गोकुळशेठ म्हणाला,
‘यंदा तुमच्या झाडांनीच भाव चढवला, ताई.’

बाजूला एक माणूस पोती चाचपत होता,
उजेडात धरून वीण बघत,
लुगडं निवडावं तसं.
मी विचारलं, ‘तुमच्याकडे काय आहे? पपई?’
‘बायको,’ तो म्हणाला, ‘आणि दोन पोरं.’
हसला. मीही हसले,
आणि मग ते हसणं कुठे ठेवावं कळेना.

दित्या वळवी. साक्री रस्त्याला पथारीवर मिरच्या वाळवतो,
झोपतो तिथेच, ढिगाच्या आडोशाला.
दिवसभर तापलेला ढीग
आठपर्यंत ऊब धरतो, म्हणाला,
हात खुपसले की बरं वाटतं.
फक्त मग ते पोरांच्या तोंडावरून फिरवायचे नाहीत.

त्याने चार घेतली. मी सात.

जास्वंदीला एक, कढीपत्त्याला एक,
मोगऱ्याला दोन, कारण मोगरा आईकडून आणलेला,
तुळशीला एक, उशिराच.
पपई उंच; तिला नव्या गादीचं प्लास्टिक.
भिंतीलगतच्या वांग्याला काहीच नाही,
आपोआप उगवलेलं, त्याचं कोण बघतं.
शिंकत, डोळे पुसत,
पुसल्यावर जास्तच रडत
अकरा वाजता पाइप धरून उभी राहिले.
आळ्यांतून वाफ निघत होती,
चहा ठेवल्यासारखी.

व्हरांड्यात दोन पोती उरली होती.
मोजली. पुन्हा मोजली.
साक्री रस्ता दोन किलोमीटर,
स्कूटीत पेट्रोल होतं.
मी दाराला कडी लावली.

सकाळी पेपरात पाच अंश दोन.
पपईचं पान जिथे जिथे प्लास्टिकला टेकलं
तिथे तिथे शिजल्यासारखं.
मोगरा जिवंत, पण रुसलेला.
आणि वांगं ताठ,
एक जांभळं फूलसुद्धा वर धरून.
‘भित दिवसभर ऊन खास,’ बापू म्हणाले,
‘नि रातले ओकस.’
मग स्वतःच पाठ लावून उभे राहिले तिला,
वांग्याच्या शेजारी,
बोटं सरळ होण्याची वाट बघत.

संध्याकाळी ती दोन पोती घेऊन गेले.
कुणाला सांगितलं नाही कुठे.
रान लाल, आणि त्यात माणसं
ओंजळीएवढ्या आगटीभोवती.
दित्याने पोतं उलटं केलं,
निळ्या रंगातला आकडा वाचला.
‘हे तर आमच्याच पथारीचं,’ म्हणाला.
एका कोपऱ्यात दुसरा कोपरा खुपसून खोळ केली,
धाकटीच्या डोक्यावर घातली.
मला काहीतरी बोलायला हवं होतं.
म्हटलं, ‘उद्यापासून कमी होणार म्हणे.’

पोरगी शिंकली.
बापू असते तर म्हणाले असते,
शिंक आली म्हणजे सत्य.
दित्याने मान वर केली.
आभाळ कोरडं ठक्क,
एकेक चांदणी मोजून घ्यावी असं.