तुलनेचं गाव

आमच्या कागदांत दोन गावं होती.
एक, जिथं प्रकल्प झाला.
दुसरं, जिथं मुद्दाम काहीच केलं नाही,
फरक मोजता यावा म्हणून.

दुसऱ्याला आम्ही तुलनेचं गाव म्हणायचो.
गावाला हे माहीत नव्हतं.
गाव स्वतःला नंदहाळ म्हणायचं.
मंगळवेढा मागं पडलं की काळी माती सुरू होते,
इतकी सपाट, की समोरून येणारं माणूस
भेटायच्या आधी अर्धा तास नुसतं दिसत राहतं.

पाच वर्षांत तिसऱ्यांदा आले होते.
टॅबलेट, टोपी, पाण्याची बाटली,
आणि तोच प्रश्न, क्रमांक एकोणतीस:
काल सकाळपासून आज सकाळपर्यंत घरात काय काय खाल्लं?

निंबव्वा माळगोंडे म्हणाली, ‘भाकरी.’
अजून?
‘भाकरीवर चटणी. जवसाची. कारळ्याची सपली.’
अजून?
‘हुरळी,’ आणि मग माझ्यासाठी मराठीत, ‘हुलग्याचं माडगं. सांजच्याला.’
तीन खुणा.
अंडी, मासे, फळं, पालेभाजी कोरी सोडत
माझं बोट खाली सरकत राहिलं.
ते थांबेपर्यंत ती थांबली.
‘आन तुमी काय खाल्लं काल?’

सोलापूरच्या लॉजवर खारी, रात्री वेफर्सचा पुडा.
चहातलं दूध धरायचं नाही असा नियम आहे.
मनातल्या मनात माझ्याही खुणा केल्या.
ती एका गटानं पुढं होती.

पेरलं किती?
ती शेरात सांगते, मी किलोत लिहिते,
मधे कुठंतरी चिमूटभर सांडतं.

बियाणं कुठलं? दुकान, घरचं, सरकारी, इतर.
ती उत्तर न देता आत गेली
आणि गाडगं घेऊन आली. वर राख, राखेखाली हुलगे,
बारीक, तांबूस, एका बाजूला काळा ठिपका.
असे मी एकाच ठिकाणी पाहिले होते,
सतरा किलोमीटरवर, पहिल्या गावात,
बीजपेढीच्या पत्र्याच्या कोठीत, क्रमांक टाकलेले.

‘सून तिकडची हाय.
बाळंतपणाहून निघाली तवा आईनं वटी भरली.
तांदूळ न्हवतं घरात, म्हून ह्ये घातलं.’

मग शेजारणीनं वाटीभर नेले.
मग वरच्या आळीनं. मग मळ्यातल्या तिघींनी.
नेताना वाटी, परत करताना सव्वा वाटी.
एकतीस घरं झाली. मी मोजली.
मोजणं हेच माझं काम.

रात्री आकडे मांडले.
पहिल्या गावात वाढ.
दुसऱ्या गावातही वाढ, जवळजवळ तेवढीच.
वजाबाकी केल्यावर उरलं
‘दखलपात्र नाही’ एवढ्यात मावणारं काहीतरी.
पुण्याहून सरांचा फोन:
‘तुलनेचं गाव बिघडलं म्हणायचं.’

बिघडलं हा आमच्यातला शब्द.
जे तिथं पोचायला नको होतं ते पोचलं, असा अर्थ.
पाच वर्षं, तीन जीप, आठ प्रशिक्षणं,
भिंतीवर रंगवलेला बोधचिन्हाचा कणसाचा झुबका,
आणि एका विहिणीची ओंजळ.

तक्त्याखाली टीप लिहिली. खोडली.
पुन्हा लिहिली, बारीक अक्षरात.
ओटीला रकाना नाही.
सव्वा वाटीतल्या त्या पावालाही नाही.

निघताना निंबव्वानं विचारलं होतं,
‘तीनदा येऊन गेलात. आमी पास का नापास?’
मी हसले. म्हटलं, मावशी, परीक्षा तुमची नाही.
‘मग कुणाची?’

तय्यबभाईंनी जीप सुरू केली होती.
उत्तर देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, नियम अकरा.
तिनं ओंजळ पुढं केलेली.
माझ्याकडं पिशवी नव्हती.
ओढणीला टोक होतं.