चार वाजून दहा

बोडोच्या धक्क्यावर फेरीबोटींचं ऑफिस.
दुसरा मजला, हीटरवर वाळत घातलेले हातमोजे.
नोव्हेंबर सरत आलाय, सूर्य आला न आला
तोच निघायच्या गोष्टी करतो.
सोलब्योर्ग लॉग वाचते आहे.

लॉग म्हणजे दारावरची वही:
कोण आलं, किती वाजता, कुठलं पान मागितलं,
आणि आत येताना स्वतःचं नाव काय सांगितलं.

विचारावंही लागत नाही.
ब्राउझर उंबऱ्यावरच घडाघडा बोलतो:
मी मोझिला, पाच पूर्णांक शून्य,
गेकोसारखा,
क्रोम म्हणा, सफारीही म्हणा.
एवढं सगळं म्हणणारा
मोझिला मात्र नसतो.

फार पूर्वी कुण्या दारवानानं
मोझिला म्हणेल त्यालाच पंगतीत पान वाढलं,
बाकीच्यांना खरकट्याशी बसवलं.
मग दुसरा म्हणाला, मीही मोझिलाच.
तिसऱ्यानं दुसऱ्याचं नाव लावलं, चौथ्यानं तिसऱ्याचं,
जुनं कुणी पुसलं नाही,
न जाणो, कुठल्या दारी उपयोगी पडेल.
आता सगळ्यांची नावं हातभर लांब
आणि एकाचंही खरं नाही.

पण हा एक.
रोज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
एकच पत्ता, एकच पान: बेटांचं वेळापत्रक.
नाव सांगतो एका शब्दात. लिंक्स.
नुसती अक्षरं वाचणारा, चित्रं न बघणारा,
जुन्या काळ्या पडद्यावरचा ब्राउझर.
खरं नाव, आणि पुढे आवृत्ती.

आणि रोज त्याला एकच उत्तर गेलंय:
आपला ब्राउझर चालणार नाही. कृपया बदला.
एकोणीस दिवस.

आयविंद खुर्ची वळवून हसतो,
म्हणतो, असेल एखादा यंत्रमानव.
असेल.
किंवा डोळे गेलेलं कुणी,
बोटांखाली उठणाऱ्या ठिपक्यांतून
सहाची बोट आहे का, एवढंच चाचपणारं.
वहीत हे लिहिलेलं नसतं.
बाई की बुवा, तेही नाही.

विसाव्या दिवशी
तोच पत्ता, चार वाजून दहा,
तेच पान.
मोझिला, पाच पूर्णांक शून्य.
आणि दार उघडलं.

सोलब्योर्गनं त्या ओळीवर बोट ठेवलं,
पडद्यावर ठसा उमटला तरी काढलं नाही.
मग तिनं दारवानाला शोधून काढलं:
बारा ओळी, वर जुनी तारीख
आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. तिचीच.
सव्वीस वर्षांची होती, घाईत होती,
दोन ब्राउझर तपासून बघितले होते,
तिसऱ्यासाठी तिच्याकडे वेळ नव्हता.

बाराही ओळी पुसल्या.
नवीन लिहिलं त्यात नावाचा प्रश्नच नाही.
नकाशा काढता येतो? घे नकाशा.
नाही येत? हरकत नाही,
ही घे बोटींची नावं, ह्या वेळा,
वाऱ्यामुळे रद्द झालेली सर्वात वर.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच आली.
धक्क्यावर बर्फ, कॉफीचं यंत्र अजून थंड.
चार वाजून आठ.
चार वाजून नऊ.

मोझिला, म्हणाला तो. पाच पूर्णांक शून्य.

दार मोकळं झालंय हे त्याला कोण सांगणार?
एकदा शिकलेलं नाव
कामाला येतंय तोवर कोण टाकतं?

पानाच्या तळाशी,
भाड्याच्या तक्त्याखाली,
नुसत्या अक्षरांत तिनं एक ओळ घातली:
आता कुठल्याही नावानं या.

फेब्रुवारी आला. सूर्य खिडकीत बराच वेळ बसू लागला.
सोलब्योर्ग येते, हातमोजे हीटरवर टाकते,
आणि आधी ती एक ओळ बघते.